नातवावर जास्त जीव जडला म्हणून देव रागावेल का?

पत्र असं आलंय (थोडं कमी करून देतेय):

"सलाम ताई. मी मिरजेची, वय ६१, हॉस्पिटलात वॉर्डमध्ये नोकरी करून रिटायर झाले. मालक जाऊन सहा वर्षं झाली. एकच मुलगा, सून आणि साडेतीन वर्षांचा नातू, तो रात्री माझ्याच कुशीत झोपतो. मुलाला पुण्यात नोकरी लागलीये, जूनमध्ये बिऱ्हाड हलवणार आहेत. उपवासकाळात चर्चमध्ये संदेश झाला, जो माझ्यापेक्षा मुलावर किंवा मुलीवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, त्यावर. तेव्हापासून डोकं काम करत नाही. प्रार्थनेला बसले की डोळ्यांसमोर नातूच येतो, प्रभू येत नाही. त्यात मागच्या महिन्यात त्याला ताप चढला आणि झटका आला, दोन दिवस ॲडमिट होता. आमच्या प्रार्थना गटातली एक बहीण म्हणाली, तू त्या पोराला मूर्ती करून ठेवलंयस, देव तुला हलवतोय. आता त्याला कडेवर घ्यायला पण भीती वाटते, परत काही झालं तर? आणि एक कबूल करते, मुलाला मी रागात म्हणाले की मी मेल्यावर काय जायचं ते जा. तो तेव्हापासून गप्प आहे. मी देवापेक्षा नातवावर जास्त प्रेम करते, हे पाप आहे का? आणि कमी कसं करायचं?"

सलाम ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला एकाच वाक्यावर अडकले, की आता त्याला कडेवर घ्यायला भीती वाटते. बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी पोराला जवळ घ्या. हे वाचून झालं की लगेच घ्या. साडेतीन वर्षांच्या लेकराला काय कळतं आजीच्या मनात कुठलं वचन फिरतंय ते, त्याला एवढंच कळतं की काल घेत होती आणि आज घेत नाही, मग त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आता झटक्याचं. तुम्ही वॉर्डात आयुष्य काढलंत, तुम्हाला मी काय सांगायचं, पण स्वतःच्या घरातलं पोर असलं की आपलं सगळं शिकलेलं उडून जातं, म्हणून सांगते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ताप एकदम चढला की काही मुलांना झटका येतो, शंभरातल्या साधारण दोन ते पाच मुलांना कधी ना कधी येतोच, आणि बहुतेक मुलांना त्यातून पुढे काही त्रास राहत नाही. कारण ताप होता ताई, तुमचं प्रेम नव्हतं. आपल्या मिरजेत मिशनरी डॉ. वानलेसनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून आपल्याकडे औषध आणि प्रार्थना एकाच खाटेपाशी चालत आलीये, कुणी म्हटलं नाही की प्रार्थना करायची तर तापाचं कारण शोधू नका.

आणि त्या बहिणीनं जे म्हटलं ते प्रभूच्या शिष्यांनीही एकदा म्हटलं होतं. बायबलात योहानाच्या ९ व्या अध्यायात बघा, जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसला आणि शिष्यांचा पहिला प्रश्न काय, तर पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभू म्हणाला, याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही. एवढं सरळ उत्तर आहे, तरी आपण अजून तोच प्रश्न घेऊन लोकांच्या घरी जातो, तेही हॉस्पिटलमधून डिस्चार्ज घेऊन आलेल्या घरी. त्या बहिणीचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण बोलणं चुकीचं होतं आणि तिला ते शांतपणे सांगायला हरकत नाही. आजीला धडा शिकवायचा म्हणून लेकराला फेफरं आणणारा देव बायबलात मला तरी सापडलेला नाही. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणारा आहे तो.

आता ते वचन. मत्तय १०:३७. हे वचन नेहमी एकटं काढून वाचलं जातं आणि मग ते आईच्या, आजीच्या काळजात जाऊन बसतं. पूर्ण १० वा अध्याय एकदा सलग वाचा. प्रभू बारा जणांना कामगिरीवर पाठवतोय आणि सांगतोय की माझ्या नावामुळं लोक तुम्हाला धरून देतील, घरात फूट पडेल, भाऊ भावाला मरायला देईल. अशा वेळी घरचे म्हणाले, ख्रिस्ताला सोड नाहीतर आम्हाला सोड, तर काय करशील, असा तो प्रश्न आहे. रोज रात्री पोराला थोपटून झोपवणाऱ्या आजीला तो प्रश्नच नाही. लूकमध्ये तर आणखी कडक शब्द आहे, आईबापाचा द्वेष. पण ती हिब्रू बोलण्याची पद्धत आहे, उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायात एका ओळीत म्हटलंय याकोबाचं त्याच्या दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलीवर जास्त प्रेम होतं, आणि लगेच पुढच्या ओळीत लेआसाठी मूळ भाषेत द्वेषाचाच शब्द आलाय. आपल्याकडे आवडती-नावडती म्हणतात तसं. म्हणजे मुद्दा पहिलं कोण याचा आहे, घरच्यांवरचं प्रेम आटवून टाकण्याचा नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, पुढे त्या स्वतः विचार करून, हळूहळू, आपल्या पायानं प्रभूकडे आल्या. शेवटच्या वर्षांत, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि इथे आपल्या साताऱ्यात "देवाचा दरबार" ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. माझा जीव आहे टिळकांच्या अभंगांवर, लहानपणापासून ते गातच वाढले. पण मला हेही म्हणायचंय की त्या घरात देव पहिला ठेवण्याची किंमत टिळकांनी एकट्यानं नाही मोजली, लक्ष्मीबाईंनी मोजली, कित्येक वेळा त्यांना न विचारता. म्हणून कुणी "मी देवासाठी घर सोडलं" अशी साक्ष द्यायला उभं राहिलं की माझं लक्ष आधी त्याच्या घरातल्या बाईच्या तोंडाकडे जातं.

आणि प्रभूलाही हे दिसत होतंच. मार्कच्या ७ व्या अध्यायात तो परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंथीयांना, झापतो ते कशावरून? आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला दिलं असं म्हणून हात झटकत होते म्हणून. आणि वधस्तंभावर, स्वतःला श्वास घेता येत नाही अशा वेळी, तो आईची सोय लावतोय, हिला तुझी आई समज म्हणून शिष्याला सांगतोय. जगात कुणी देवावर प्रेम पहिलं ठेवलं असेल तर ते त्यानं ठेवलं, आणि त्याला आईचा विसर पडला नाही. तर मग ताई, कमी करायचं आहे असं तुम्हाला जे वाटतंय ते मुळातच तसं नाहीये.

पण.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे ज्यावर कुणी संदेश दिला नाही, त्या बहिणीनंही काही म्हटलं नाही, आणि मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे. "मी मेल्यावर काय जायचं ते जा." कुशीत झोपवणं हे प्रेम झालं, पण हे वाक्य प्रेमाचं नाही, हे मुठीत धरणं झालं. मी कठोर बोलतेय, पण तुम्ही स्वतःच ते कबूल केलंत म्हणजे तुम्हालाही आत कुठेतरी कळलंय. आपल्या मराठीत माया हा शब्द बघा, आजीची माया म्हणजे जगातली सगळ्यात उबदार गोष्ट, आणि साधुसंत मायेत अडकू नका म्हणतात ती पण मायाच. शब्द एकच आहे कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो माणूस निघायला लागला की. जवळ आहे तोवर सगळंच प्रेम वाटतं.

मला हे कुणी शिकवलं नाही, मी चुकून शिकले. माझी मुलगी नर्सिंग करून आखातात नोकरीला निघाली, आपल्या भागातल्या किती मुली जातात तशी. मी तिला आधी रडून अडवलं, मग अबोला धरला, आणि ज्या दिवशी ती मुंबईला विमान पकडायला निघाली त्या दिवशी मी सांगली स्टेशनवर गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. गाडीची वेळ झाली तेव्हा घड्याळाकडे बघत होते आणि तरी उठले नाही. ती पहिल्यांदा सुट्टीवर आली त्याला दोन वर्षं लागली. फोन रोज व्हायचा, ती कधी काही बोलली नाही, पण स्टेशनची ती वेळ काही परत आली नाही. आणि त्या दोन वर्षांत माझी प्रार्थना काय होती तर एकच, तिला परत आण, तिला परत आण. मी देवाशी बोलत होते की देवाला कामाला लावत होते, आता विचार करते तेव्हा वाटतं कामाला लावत होते. तो माझ्यासाठी मुलीपर्यंत पोचायचा रस्ता झाला होता फक्त. पहिलं कोण याचं उत्तर मला तिथे मिळालं, आणि ते मला आवडलं नाही.

म्हणून मला तुम्हाला मोनिकाची गोष्ट सांगायचीये, सोळाशे वर्षांपूर्वीचा मोठा ख्रिस्ती विद्वान संत ऑगस्टीन, त्याची आई. देवानं मुलाचा बळी मागितला ती अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट तुम्हाला या महिन्यात दहा जणांनी सांगितली असेल, ती मी सांगत नाही, घाबरलेल्या माणसाला ती आणखी घाबरवते.

मोनिका उत्तर आफ्रिकेतली, विश्वासू बाई, मुलगा हुशार पण भरकटलेला, आणि ती त्याच्यासाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करणारी. ३८३ साली मुलानं ठरवलं कार्थेज सोडून रोमला जायचं. ती बंदरापर्यंत त्याच्या मागे गेली, त्याला घट्ट धरून ठेवलं, एकतर परत चल नाहीतर मला घेऊन जा. त्यानं तिला थाप मारली, एका मित्राला निरोप द्यायचाय म्हणाला, तू रात्रभर इथे जवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात थांब. ती तिथे रात्रभर प्रार्थना करत बसली की देवा याला जाऊ देऊ नको, आणि त्याच रात्री तो गलबतातून निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर ती एकटी. हे सगळं ऑगस्टीननं स्वतः लिहून ठेवलंय, आईला फसवल्याचंही लपवलेलं नाही. आणि त्यानं एक गोष्ट म्हटलीये ती मला फार लागली, की त्या रात्री आई जे मागत होती ते देवानं दिलं नाही, कारण ती आयुष्यभर जे मागत आली होती ते त्याला द्यायचं होतं. मुलगा रोमला गेला, तिथून मिलानला, तिथे त्याला बिशप अँब्रोज भेटला, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिकानं त्याला बंदरावर अडवलं असतं तर?

तुमचा मुलगा पुण्याला जाऊन काय होईल मला माहीत नाही, मी असं म्हणत नाहीये की जाऊ द्या म्हणजे देव मोठं काहीतरी करेल, तसला सौदा नसतो. मी एवढंच म्हणतेय की आपल्या मनासारखं घडलं नाही म्हणजे प्रार्थना वाया गेली असं नसतं, आणि मोनिकाचं प्रेम काही कमी झालं नाही, ती पुढे समुद्र ओलांडून मुलाकडे मिलानला गेलीच की! तुमच्यासाठी तर समुद्र पण नाही, कोयना एक्सप्रेस आहे.

तिच्या शेवटाचं पण सांगते. नवऱ्याशेजारीच पुरायचं ही तिची जुनी इच्छा होती, जागा पण ठरवून ठेवली होती. पण परतीच्या वाटेवर ओस्तिया गावात आजारी पडली, छप्पन्नावं वर्ष चालू होतं, तुमच्या-माझ्यापेक्षा लहानच, आणि मुलांना म्हणाली हे शरीर कुठेही ठेवा, त्याची काळजी नको, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. जी बाई बंदरावर मुलाला सोडायला तयार नव्हती तिच्या हातातून चार वर्षांत एवढं सगळं सुटलं होतं, आणि ते कुणी हिसकावून घेतलं नव्हतं. आणि ऑगस्टीन? इतका मोठा विद्वान, त्यानं आधी रडू दाबून ठेवलं, मग एकटा असताना आईसाठी रडला, आणि ते रडणंही देवासमोर मांडलं. म्हणजे देव पहिला असलेल्या माणसाला रडू येतं. जूनमध्ये टेम्पो भरला जाईल तेव्हा तुम्ही रडणार आहात, रडा. फक्त स्टेशनवर, रस्त्यावर, दारात, जिथे निरोप द्यायचा असेल तिथे उभ्या राहा. माझ्यासारखं आत पडून राहू नका.

आता प्रार्थनेचं, कारण तुम्ही लिहिलंय की नातूच डोळ्यांसमोर येतो. त्याला हाकलू नका. हाकलायला गेलं की तो जास्त येतो, आणि मग अर्धा तास त्याच्याशी झुंजण्यात जातो आणि उठताना अपराधी वाटतं. तो आला ना, तर त्याचं नाव घ्या, आणि जसं ओपीडीत पुढच्या खिडकीवर केसपेपर देतो तसं त्याला पुढे द्या, प्रभू हा तुझा, आज याला बघ. मग त्याच्यामागून दुसऱ्या एका पोराचं नाव घ्या, शेजारचं असेल, संडे स्कूलमधलं असेल, तुमच्या जुन्या वॉर्डमध्ये आत्ता झोपलेलं एखादं असेल ज्याचं नावही तुम्हाला ठाऊक नाही. मी हे मुलीच्या बाबतीत सुरू केलं ते कुणाच्या सांगण्यावरून नाही, एकदा तिच्यासाठी प्रार्थना करताना तिच्या रूममधल्या दुसऱ्या मुलींची नावं आठवली, केरळच्या दोघी आणि एक नागालँडची, आणि वाटलं यांच्या पण आया आहेत. काही मोठा अनुभव वगैरे नाही आला. पण त्या दिवसापासून "परत आण" हे शब्द कमी होत गेले, कधी थांबले ते कळलंही नाही. असं करून देव लगेच पहिला होतो असं मी म्हणणार नाही, काही दिवस होतो, काही दिवस परत मुलगीच पहिली असते, मग परत द्यायचं.

मुलाशी बोलायचं मात्र पुढे ढकलू नका, या रविवारच्या आत बोला. जास्त लांबण लावू नका. मी रागात बोलले ते चुकलं, तू जा, मला त्रास होईल पण तू जा, एवढं पुरे. त्यात "पण माझं काय" घुसवू नका, त्याला तुमचं काय ते माहितीये, तो गप्प आहे तो त्याच्याचमुळे. सुनेशीपण वेगळं बोला. नवीन शहर, नवीन शाळा, साडेतीन वर्षांचं पोर आणि हाताशी आजी नाही, तिलाही टेन्शन असणारच. तिला तापाचं नीट समजावून द्या, तुमच्या अनुभवाचा उपयोग आहे तिथे. झटका आला तर पोराला कुशीवर झोपवायचं, तोंडात बोट-चमचा काही घालायचं नाही, कांदा नाही, चप्पल हुंगवणं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट दवाखाना. कागदावर लिहून द्या, फ्रिजवर लावू दे. आणि व्हिडिओ कॉलची एक वेळ तिच्या सोयीनं ठरवा, दिवसातून सहा वेळा लावू नका. मी लावायचे. मुलगी नाइट ड्युटी करून झोपलेली असायची.

आणि हन्नाचं, शमुवेल संदेष्ट्याच्या आईचं, एक राहिलं. पहिल्या शमुवेलात बघा, तिनं मागून घेतलेलं पोर दूध तोडल्यावर शिलोला देवाच्या मंदिरात एली याजकाकडे नेऊन सोडलं. आपण तिथेच थांबतो, काय विश्वास, काय त्याग. पण दुसऱ्या अध्यायात एक छोटी ओळ आहे, की ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. दर वर्षी, म्हणजे त्याचं माप दर वर्षी वाढत असणार, आणि वर्षभर पोराला न बघता ती अंदाजानं कापड बेतत असणार, आता एवढा झाला असेल, आता खांद्यापर्यंत आला असेल. देवाला देऊन टाकलेल्या मुलासाठी. ती ओळ बायबलात कुणीतरी मुद्दाम ठेवलीये असं मला वाटतं, तुमच्या-माझ्यासाठीच.

तर तुम्ही त्याच्यासाठी एक वाकळ शिवा. जूनपर्यंत वेळ आहे. तो तुमच्या कुशीत झोपायची सवय घेऊन पुण्याला जाणार, पहिल्या रात्री तिथे रडणार, तेव्हा अंगावर तुमच्या साडीचा वास असला तर बरं. शिवायला बसाल तेव्हा त्यालाही शेजारी बसवा, दोरा ओवू देत नाही तर गुंता करू दे. आणि वरून नवीन कापड लावू नका, ते टोचतं, पाच-सहा वर्षं धुतलेली सुती साडी घ्या.